मोड नसलेली वस्तू

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी बनतात. पत्रा कापायचा, साच्यात दाबायचा, कडा वळवायच्या, पॉलिश मारायचं, की डबे, पातेली, ताटं, पेले टेंपोत चढायला तयार. या धंद्यात गिऱ्हाईक एक भरवसा मनात धरून असतं. भांडं पिचकलं, बुडाला गळलं, कान निखळला, तरी त्याची मोड येते. तांब्यापितळेचं असेल तर चांगली येते, स्टीलचं असेल तर बेताची, पण येते. काट्यावर टाकलं की भाव कळतो. ते कुणी वापरलं, त्यात काय शिजलं, हे कुणी विचारत नाही. ‘मोड देऊन नवं आणलं’ हे वाक्य मराठी घरात थोड्या अभिमानानेच बोललं जातं. सोन्याचंही तेच. सोनार घट धरतो, मजुरी बुडते, तरी पाटल्या मोडून बांगड्या करणारी बाई स्वतःला फसलेली मानत नाही. आणि काट्यावर ज्याचं काही येणार नाही अशा जुन्या कपड्यांसाठी बोहारीण असतेच. ती साडी उजेडाकडे धरते, काठ ताणून पाहते, निऱ्यांच्या जागी विरलंय का ते बोटांनी चाचपते आणि मग टोपलीतलं एखादं भांडं पुढे सरकवते, बहुतेकदा आपल्या मनातल्यापेक्षा एक माप लहानच. जुनं देऊन नवं घेण्याची रीत इथे कुणा मॉलने ‘एक्स्चेंज ऑफर’ची पाटी लावून शिकवलेली नाही.

आता याच शहरात कुणी चार वर्षं वाजवलेली गिटार देऊन तिच्यापेक्षा चांगली घ्यायला निघालं, की ही सगळी व्यवस्था तोकडी पडते. साधी अ‍ॅकॉस्टिक गिटार काट्यावर जेमतेम दोन किलो भरते आणि त्यात बहुतेक प्लायवूड, सरस आणि रंग असतो. भंगारवाला तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. सगळ्याच वाद्यांची गत अशी नाही. बँडमधला कॉर्नेट किंवा युफोनियम अगदीच कामातून गेला तरी शेवटी पितळ आहे. पेटीची तर याहून चांगली सोय आहे. तिच्यातल्या पितळी पट्ट्यांना आपल्याकडे ‘सूर’च म्हणतात, आणि जर्मन किंवा पॅरिसचे सूर असलेली जुनी पेटी खोक्याला वाळवी लागली तरी वाया जात नाही. कारागीर सूर काढून घेतो, नव्या सागवानी खोक्यात बसवतो, आणि पालिताण्याच्या सुरांच्या नव्या पेटीपेक्षा तिला जास्त मोल येतं. पेटीला अशी तिच्या पोटातच मोड असते. गिटारला ती कुठेच नाही. म्हणून जुन्या गिटारची किंमत तिच्या लाकडात शोधू नये असं मला वाटतं. ती तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या नवशिक्यांत असते, आणि मिरा-भाईंदर परिसरात जुनं वाद्य देऊन चांगलं घेण्याचा इतिहास हा त्या रांगेचा इतिहास आहे. ही रांग कधी नव्हती, मग मुंबईत लागली, आणि गेल्या तीसेक वर्षांत वसईच्या खाडीपर्यंत आली.

भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन, डोंगरी, पाली, चौक आणि पुढे गोराई-मनोरी हा जो पट्टा आहे, त्याला जुनं नाव धारावी बेट. (झोपडपट्टीची धारावी वेगळी.) १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. पुढची दोनशे वर्षं त्यांचा अंमल राहिला, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई पडली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्यं बदलली तरी कोळी-आगरी वळणाच्या मराठी बोली बोलणारा इथला ख्रिस्ती समाज आणि त्याचं चर्च टिकलं. याच समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे घेतलं. पोर्तुगीज धर्मसंस्थेने गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चशेजारच्या शाळांतून स्वरलेखन, गायन आणि पुढे व्हायोलिन शिकवलं. उत्तर कोकणात ती शिस्त गोव्याइतकी खोल गेली नाही, पण चर्चमधलं समूहगान, लग्नाच्या वरातीतला बँड आणि घरातलं घुमट हे मातीचं तालवाद्य, या तीन वाटांनी वाद्य गावात आलं. यात मालकी कुणाची होती हे पाहण्यासारखं आहे. चर्चचा ऑर्गन चर्चचा. बँडची वाद्यं बहुधा बँडवाल्या मालकाची, वाजवणारा रोजावर. नवा पोरगा आधी झांज किंवा ढोल धरी, हात बसला की त्याच्याकडे एखादं पिचलेलं पितळी वाद्य येई, जुना माणूस थकला की त्याचं बरं वाद्य याच्या हाती. वरच्या पायरीवर जायला पैसा लागत नव्हता, वय आणि वशिला लागत होता. घुमट तर मातीचंच, फुटलं की नवं. या व्यवस्थेत जुनं वाद्य विकण्याचा प्रश्नच उभा राहत नाही. वाद्य विकायला ते आधी स्वतःचं असावं लागतं.

वाद्य स्वतःचं झालं ते मुंबईत. मरीन लाइन्स स्टेशनाबाहेर पडलं की धोबी तलाव, आणि तिथे १८६५ पासूनचं फुर्टाडोजचं नाव. चर्चसाठी लागणाऱ्या धार्मिक वस्तू आणि पाश्चात्त्य वाद्यं ही जोडी आज विचित्र वाटेल, पण गिऱ्हाईक एकच होतं. तिथेच गोवेकरांचे कुड्ड होते, म्हणजे गावागावांचे क्लब. जेर महालसारख्या इमारतीत एकेका गावाचं बिऱ्हाड, भिंतीशी ट्रंकांची रांग आणि मालकांपैकी निम्मे जहाजावर. जहाजाच्या बँडमध्ये, हॉटेलात आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारा माणूस स्वतःचं वाद्य घेऊन कामावर जाई. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन जॅझ बँड आला, आणि मुंबईत वाजवणाऱ्या गोवन वादकांनी ते संगीत कानाने आणि कागदाने उचललं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांचं काम आटलं तसे हे लोक ध्वनिमुद्रणाकडे वळले. तिथे मोबदला कामाच्या वेळेवर मिळायचा आणि कामाचं बोलावणं वाद्याच्या आवाजावरही अवलंबून असायचं. मायक्रोफोन खोटं बोलू देत नाही. त्यामुळे चांगलं वाद्य घेणं ही हौस उरली नाही, तो धंद्यातला खर्च झाला, आणि खर्च भागवायला जुनं वाद्य विकणं हा त्यातला सगळ्यात जवळचा उपाय होता. घेणारा शेजारच्याच खाटेवर असायचा, त्याच्याच गावचा, नुकताच आलेला. त्याने ते वाद्य महिनोन्‌महिने ऐकलेलं असायचं, म्हणून पारख करायला तिसऱ्या माणसाची गरज नव्हती. मी रांग म्हणतो ती ही. वर एक अनुभवी, खाली एक नवा, आणि दोघांच्या मध्ये एक जुनं वाद्य.

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत या रांगेला आणखी एक पीळ बसला. परकीय चलन वाचवायचं म्हणून चैनीच्या वस्तूंची आयात परवान्याच्या कचाट्यात अडकली आणि वाद्यं त्यात सापडली. परदेशी गिटार यायची ती जहाजावरून उतरलेल्याच्या खांद्यावरून, आखातातून सुट्टीवर आलेल्याच्या सामानातून, किंवा देश सोडून निघालेल्या परक्याच्या घरातून. म्हणजे परदेशी गिटार बहुतेकदा आधीच वापरलेली असे. यातून एक उलटाच प्रकार झाला. एरवी जुनी वस्तू नव्याहून स्वस्त असते. त्या काळात जुनी परदेशी गिटार नव्या देशी गिटारहून कितीतरी महाग होती, आणि तिची किंमत वर्षागणिक उतरतही नव्हती. देशी गिटार म्हणजे मुख्यतः कोलकात्याचा माल. गिबटोन, गिवसन, होब्नर ही नावं शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दिसत. पुष्कळदा पत्र्याच्या टेलपीसला अडकवलेल्या तारा, सरकता ब्रिज, आणि तारा इतक्या उंच की ‘एफ’चा कॉर्ड धरताना तर्जनीला खाचा पडाव्यात. अशा गिटारवर शिकलेल्या पिढीला त्या गिटारबद्दल जिव्हाळा आहे, आणि तो खरा असेल, पण त्या वाद्यांनी कितीजणांना पहिल्या तीन महिन्यांत हात टेकायला लावले याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. ‘यादों की बारात’मध्ये झीनत अमान गिटार घेऊन गायली ते १९७३ साली. हौस पोचली होती, वाद्य पोचलं नव्हतं. वरच्या आणि खालच्या पायरीतलं अंतर इतकं मोठं होतं, की दहा देशी गिटारी विकूनही एक बरी परदेशी आली नसती. या काळात जुनी देऊन चांगली घेण्याची रीत धोबी तलावाच्या आसपास, व्यावसायिकांमध्ये चालत राहिली. भाईंदरच्या मिठागरांपर्यंत ती आली नाही.

मग १९९१ आलं. आयातीचे परवाने सैल होत गेले आणि ग्राहकोपयोगी मालावरचे उरलेसुरले निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले. याच दशकात मिरा-भाईंदरचं रूप पालटलं. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, तेव्हा राई, मुर्धे, मोर्वा, काशी, नवघर ही गावं म्हणजे गावंच होती. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ७५ हजार, २००१ मध्ये ५ लाख २० हजार, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. मधल्या काळात, २८ फेब्रुवारी २००२ ला, महानगरपालिकाही झाली. अंधेरी, वांद्रे, मालाड, भेंडीबाजार इथून घराच्या किमतीने रेटलेली माणसं मिरा रोडला उतरली, त्यांत गोवेकर आणि मंगलोरी ख्रिस्ती कुटुंबं होती, मुस्लिम होती, गुजराती-मारवाडी होती, आणि चाळ विकून वन बीएचके घेणारे मराठी लोक तर होतेच. ही सगळी कुटुंबं एका बाबतीत सारखी होती. घर हप्त्यांवर, मुलं शाळेत, आणि मुलांना ‘काहीतरी एक येऊ दे’ ही आईबापांची इच्छा. इमारतींच्या तळमजल्यावर, शाळेच्या रिकाम्या वर्गात, कुणाच्या हॉलमध्ये गिटारचे आणि कीबोर्डचे क्लास निघाले. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा आल्या, परीक्षेबरोबर ‘आता या ग्रेडला ही गिटार चालणार नाही’ असं सांगणारे शिक्षक आले. रांग लागली ती इथे. पहिली गिटार स्वस्तातली, दोन वर्षांनी तिच्यापेक्षा बरी, आणि जुनी त्याच क्लासमधल्या नव्या पोराला.

यावर सरळ आक्षेप असा निघतो, की यात रांगेचं कौतुक कशाला, आयात खुली झाली, चीन आणि इंडोनेशियातला स्वस्त माल आला, म्हणून गिटारी वाढल्या आणि म्हणून जुन्यांचा बाजार झाला. या म्हणण्यात निम्मं खरं आहे. स्वस्त नवा माल आल्याशिवाय खालची पायरी तयारच झाली नसती, आणि २०१९ पासून यामाहाच्या चेन्नईच्या कारखान्याने ती पायरी आणखी पक्की केली. पण निव्वळ पुरवठ्याने जुन्याचा भाव वाढत नाही, पडतो. नवी गिटार पाच-सहा हजारांत दारात येत असेल तर जुनीला तीन हजार देऊन कोण नेणार? परवान्याच्या काळात वस्तू कमी आणि मागणारे थोडे, म्हणून जुनीला भाव होता. आता वस्तू मुबलक आहे. तरीही जुनीला भाव मिळतो तो मागणारे त्याहून वेगाने वाढले म्हणून, आणि त्यातल्या पुष्कळांना पाच हजार हीसुद्धा ‘पोराला आवडेल की नाही कोण जाणे’ अशा गोष्टीसाठी जास्त वाटते म्हणून. जिथे वस्ती वाढत नाही, शाळांचे पट घसरतात आणि क्लास नाहीत, अशा एखाद्या तालुक्याच्या गावी तीच गिटार, त्याच अवस्थेत, जवळजवळ फुकट द्यावी लागते. माल तोच, कारखाना तोच. फरक फक्त रांगेचा. कुणी म्हणेल की सगळ्याच वस्तूंचं असं असतं, मागणी तसा भाव. तसं नाही. जुन्या पातेल्याला एकही गिऱ्हाईक मिळालं नाही तरी काटा त्याला काही एक रक्कम देतोच, तिच्याखाली ते जात नाही. गिटारला असा तळ नाही. रांग संपली की ती शून्यावर येते, आणि एका झटक्यात येते.

दुकानदाराने एक्स्चेंजमध्ये दिलेला भाव ऐकून माणूस खवळतो तेव्हा त्याला हा तळ दिसत नसतो. तो म्हणतो, मी बाहेर विकली असती तर दीडपट आले असते. येतीलही. पण दुकानदार जेव्हा जुनी गिटार घेतो, तेव्हा रांग शोधण्याचं काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. गिऱ्हाईक येईल की नाही, आलं तर कधी, तोवर पावसाळ्यात तिचं पोट फुगेल का, याची जोखीम त्याची. भावातला फरक ही त्या जोखमीची मजुरी आहे. ती कधीकधी अवाजवी असते, हे मात्र मान्य करायला हवं. याच ठिकाणी कर-कायद्याने एक मजेशीर गोष्ट साधी करून सांगितली आहे. २०१७ च्या जीएसटी नियमांमध्ये सत्ताविसाव्या नियमाखाली उदाहरण आहे ते मोबाइलचं. नवा फोन जुना घेऊन २० हजारांना दिला आणि जुन्याशिवाय त्याची किंमत २४ हजार असेल, तर कर आकारायचा तो २४ हजारांवर. म्हणजे कायद्याच्या लेखी एक्स्चेंजमधली ‘सूट’ ही सूट नसते, ती तुमच्या जुन्या वस्तूची किंमत असते आणि दुकानदाराने ती तुम्हाला चुकती केलेली असते. याच नियमावलीत जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, इतर अटी पाळल्या तर, फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची मुभा आहे. घरातली वापरलेली गिटार स्वतः विकणाऱ्यावर तर हा कर लागतच नाही. तेव्हा निव्वळ गणित पाहिलं तर बाहेर विकणं फायद्याचं, दुकानात बदलणं सोयीचं. पण गणितात एक रकाना राहून जातो, पारखीचा. कुड्डातल्या गिऱ्हाइकाने वाद्य महिनोन्‌महिने ऐकलेलं होतं. मोबाइलवर फोटो पाहून नालासोपाऱ्याहून आलेल्या गिऱ्हाइकाने एकदाही ऐकलेलं नाही, आणि वस्तू चोरीची निघाली तर विकणाऱ्यापेक्षा चांगली मालकी त्याला मिळत नाही, हे १९३० च्या मालविक्री कायद्यातलं जुनं तत्त्व त्यालाही लागू आहे. म्हणून जुन्याबरोबर बिल जपून ठेवणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात.

ही पारख नेमकी होते कशी, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण बोहारणीच्या साडी-परीक्षेची ती सख्खी बहीण आहे. जाणता माणूस आधी गिटार वाजवत नाही. तो डोकं डोळ्याशी आणि बूड जमिनीकडे धरतो आणि बंदुकीच्या नळीवरून नेम धरावा तसा नेकच्या कडेवरून पाहतो. सहा स्टीलच्या तारांची मिळून ७० किलोंच्या आसपास ओढ असते, ती वर्षानुवर्षं सोसून नेक कमानीसारखी वाकली आहे का, आत बसवलेली ट्रस रॉड फिरवून ती सरळ करायला वाव आहे का, हे त्याला हवं असतं. मग तो जाडी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबतो आणि मधल्या फ्रेटपाशी किती फट उरते ते पाहतो. पहिल्या तीन फ्रेटवर तारेने खोबणी पाडली आहे का, हे नखाने चाचपतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवतो. सरकला तर ब्रिज उचललेला. भाईंदरच्या खाडीच्या दमट, खारट हवेत सरस सुटण्याचं प्रमाण कमी नाही, आणि खुंट्यांच्या दात्यांवरचा गंज तर पहिल्याच दृष्टीला दिसतो. शेवटी मोबाइलचा टॉर्च पोटात सोडून आतल्या आडव्यातिडव्या पट्ट्या बघायच्या आणि भोकाच्या कडेवर बोट फिरवायचं. लाकडाचे उभे तंतू वरून कडेत तसेच उतरले असतील तर वरची फळी अखंड लाकडाची. कडेला सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. विकणाऱ्याच्या तोंडावरचा रंग बदलतो तो सहसा याच क्षणी, कारण ‘सॉलिड टॉप आहे’ असं त्याने फोनवर सांगितलेलं असतं.

अखंड लाकडाचा हा मुद्दा वरवरचा नाही. जुनी गिटार विकूच नये असं म्हणणाऱ्यांचा सारा भर त्यावर आहे. त्यांचं म्हणणं असं, की स्प्रूस किंवा सीडरची अखंड फळी वाजवता वाजवता खुलते, दहा वर्षांची गिटार नवीपेक्षा मोकळी बोलते, मग ती देऊन नवी घेणं म्हणजे मुरलेलं लोणचं देऊन कैऱ्या आणणं. वादक शपथेवर सांगतात, शास्त्रज्ञ अजून भांडताहेत, आणि मी वादकांच्या बाजूने थोडासा झुकतो. पण रांगेतल्या गिटारींना हे लागूच होत नाही. विकायला निघते ती बहुतेकदा प्लायचीच, आणि प्लाय मुरत नाही, फक्त जुनं होतं. अखंड लाकडाची गिटार एकदा हाती आली की माणूस रांगेतून बाहेर पडतो, पुढे तो विकतो ते नाइलाजाने. या चांगल्या गिटारीच्या पाठीला आणि बाजूंना जगभर जे काळपट जांभळं लाकूड वापरतात ते आपलं शिसव आहे. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ पासून भारतीय शिसव धरलं, आणि गिटारच्या बाजारात त्याला नाव आहे ‘ईस्ट इंडियन रोझवूड’. उत्तन-डोंगरीच्या ईस्ट इंडियनांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मार्टिनचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी आहे आणि भाईंदर पश्चिमेचं जुनं चर्च नाझरेथ मातेचं, या योगायोगाचाही काही अर्थ नाही, पण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. अर्थ आहे तो पुढच्या गोष्टीला. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत गेल्या आणि शिसवी पाठीची वापरलेली गिटार सरहद्दीपार विकायला परवाना लागू लागला. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून. जवळजवळ तीन वर्षं अशा गिटारीची रांग देशाच्या हद्दीशीच थांबत होती. लाकूड तेच, आवाज तोच. रांग आखडली की मोल आखडतं याचा इतका स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही.

राहिला भावनेचा आक्षेप. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तर नमस्कार करतात, खंडेनवमीला हळदकुंकू वाहतात, गुरूचा तानपुरा शिष्याकडे जातो, तो विकला जात नाही. मग पोराचं पहिलं वाद्य दोन-तीन हजारांसाठी परक्याला द्यायचं? हा आक्षेप मला इतरांपेक्षा जड वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत आहे. तानपुरा शिष्याकडे जातो कारण तिथे रांग घराण्याची असते, पुढचा वाजवणारा कोण ते ठरलेलं असतं. मिरा रोडच्या सातव्या मजल्यावर कपाटावर ठेवलेल्या गिटारीला असं घराणं नाही. तिला पूजेचं फूल वर्षातून एकदा मिळतं आणि उरलेले दिवस धूळ. विकणं अशक्य अशी वाद्यंही या शहरात आहेत, आणि ती पाहिली की फरक कळतो. उत्तनकडच्या जुन्या घरातलं घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवलेलं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं, म्हणून आता बकऱ्याचं कातडं चढवतात. घोरपडीच्या कातड्याचं जुनं घुमट विकायला काढणं हा गुन्हा होईल. त्याची रांग कायद्यानेच तोडली, आणि ते खऱ्या अर्थाने घरचं होऊन बसलं. गिटारवर असं कुठलंही बंधन नाही, तेव्हा ती अडवून ठेवणारा फक्त खालच्या पायरीवरच्या मुलाला अडवत असतो.

आता हप्त्यांवर नवी चांगली गिटार मिळते आणि पहिले धडे मोबाइलवर फुकट मिळतात, त्यामुळे क्लासमधली ओळखीची रांग विरळ होत चालली आहे असं दिसतं. शिकणारे कमी झालेले नाहीत, पण ते एकमेकांच्या नजरेसमोर नाहीत, आणि वर्षभर शेजारी बसून ऐकलेली गिटार घेणं आणि फोटो पाहून घेणं यात भावाचाच फरक पडतो. विकणाऱ्याला याचा अंदाज भाव पाडून मागितला जातो तेव्हाच येतो. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या गिटारीचं काय होतं, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही. नेक कायमची वाकली, ब्रिज दोनदा चिकटवून पुन्हा उचलला, आणि आता ती घ्यायला शिकाऊ पोरही तयार नाही, तेव्हा ती दुरुस्तीवाल्याच्या माळ्यावर जाते. तो तिच्या खुंट्यांचा जोड तेवढा काढून घेतो, कारण तो दुसऱ्या कुठल्यातरी गिटारीला बसतो. उरलेलं खोकं भंगारवाला वजनावरही घेत नाही.